तीन की चार

लातूरच्या एमआयडीसीत सोयाबीन तेलाचा कारखाना.
बॉयलरपासून टोस्टरपर्यंत एकशे ऐंशी मीटर.
टेपचं एक टोक माझ्याकडं, दुसरं चाँदपाशाच्या मुठीत.
मध्ये दोन वळणं, ट्रकचा एक रस्ता,
आणि एक लिंबाचं झाड
जे कुठल्याच नकाशात नाही.

"काय मोजलालाव, मॅडम? पाइप तर पडून हाय की."
भुतडाशेठ गोदामामागं बोट दाखवतात.
तीन इंची, कुठल्याशा बंद गिरणीच्या लिलावातली,
तोंडात चिमण्यांनी कोंबलेलं गवत.
"वाफच हाय ना शेवटी. वाऱ्यासारखी. जाईल की."

जाईल.
तासाला तीन टन, सात किलोचा दाब,
तीन इंचातून सेकंदाला बेचाळीस मीटर जाईल,
बोळातून जत्रा सोडल्यासारखी,
कोपऱ्या-कोपऱ्याला लोखंड खरवडत,
रात्रभर शिट्ट्या घालत,
आणि टोस्टरच्या दारात पोचेल
तेव्हा निम्मा दाब वाटेत सांडलेला.
मी वहीत लिहिते: पंचवीसच्या आसपास ठेवावी.

"मंग सहा इंची घाला! होऊ द्या खर्च."
शेठ हसतात. चाँदपाशा हसतो.
मला हसता येत नाही.

सहा मी एकदा लिहिली होती.
जालन्याच्या पुढं, पशुखाद्याचा कारखाना, पहिली नोकरी.
वाफ टनभरच, पण पुढं वाढ होईल म्हणून
ऐसपैस, वरून शाबासकी घेऊन.
वाफ गेली रमतगमत,
प्रत्येक फ्लँजपाशी थोडी ऊब वाटून टाकत,
बाजारातून येणारं माणूस
दारोदार थांबत यावं तशी,
आणि पोचली तेव्हा अर्धीअधिक पाणी झालेली.
जानेवारीतली पहाट. रात्रीचं पाणी पोटात साठलेलं.
कुणीतरी व्हॉल्व्ह एकदम उघडला.
पाइपातलं पाणी धावायला लागलं की हातोडा होतं,
हे पुस्तकात होतं. आवाज पुस्तकात नव्हता.
मसाजी नावाचा हेल्पर. उजवा हात, कोपरापर्यंत.
त्यानं मला कधी बोल लावला नाही.
त्याला माहीतच नव्हतं की तो आकडा कुणीतरी निवडला होता.

चाँदपाशा जुन्या ट्रॅपवर स्क्रूड्रायव्हर टेकवतो,
मूठ कानाला लावून डोळे मिटतो.
एकतीस वर्षं झाली त्याला लोखंडाचं ऐकून.
"पानी रुकताय अंदर," म्हणतो,
आणि पुसून घेतो कान, ओल लागल्यासारखा.

चार, मी म्हणते.
शेठ कॅल्क्युलेटर काढतात. मीटरचा भाव, वरचं लोकरीचं आवरण,
बॉयलर इन्स्पेक्टरचे कागद, वेल्डरची मजुरी.
मी वेग, घर्षण सगळं सांगून बघते.
शेठ फोनकडं बघतात.

मग मी पाण्याचं बोलते.
शंभराला एक उतार, तीस-तीस मीटरवर ट्रॅप,
आणि वाफ निवून जे पाणी होतं
ते गटारात न सोडता परत बॉयलरला, दीड इंचीतून.
दिवसाला दोन टँकर वाचतील.
कॅल्क्युलेटर थांबतो.
पंचवीस मीटर सेकंदाला कुणाला कळो न कळो,
एप्रिलमधल्या टँकरचा भाव
या गावात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक.

लिंबाचं झाड राहिलं.
तापल्यावर एवढी लाइन फूटभर लांबते,
तिला अंग पसरायला कुठंतरी वळसा द्यावाच लागतो.
तो झाडाभोवती दिला.
ड्रॉइंगवर लूप लिहिलंय, झाड लिहिलेलं नाही.

चालू केली त्या दिवशी चाँदपाशानं व्हॉल्व्ह
पाव आटा, थांब, पाव आटा, थांब, असा उघडला.
तासभर लागला. शेठ दोनदा घड्याळ बघून गेले.
व्हेंटच्या तोंडाशी वीतभर काहीच दिसत नव्हतं,
त्याच्यावर पांढरा धूर.
नवा पोरगा त्या रिकाम्या विताकडं बोट न्यायला लागला
तसा चाँदपाशानं त्याचं मनगट धरलं.
"वो सफेद तो पानी है बेटा.
भाप ये है. जो दिखतीच नै."

मी हात पाठीमागं बांधून उभी होते.

"मॅडम," मागून शेठ,
"ते तीन इंची कुठं बसतंय का बघा की."